‘छान दिवे लावलेस!’ : कोरियन शिकणारे जपानी आणि आपण

(मंडळाच्या व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीने मला विषय विचारला तेव्हा मी सांगितलं, “जपानी माणसं कोरियन भाषा शिकतात, तेव्हा त्यांना त्या भाषेतला उपरोध कसा कळतो, यावर बोलेन.” त्यावर एक सभासद म्हणाले, “वा, लोकांना रोज लागणारा विषय निवडलात!” तुम्ही आत्ता हसलात. म्हणजे त्यांनी म्हटलं एक आणि तुम्ही ऐकलं दुसरं. हे आपल्याला विनासायास जमतं, कारण भाषा आपली आहे. पण तीच भाषा शिकून आलेल्या माणसाला ते जमेल का? आजचा विषय एवढाच आहे.

आधी माझ्याविषयी दोन शब्द. मी भाषेचा प्राध्यापक नाही. राज्य सरकारच्या पाटबंधारे खात्यात नोकरी करतो, शिक्षण स्थापत्यशास्त्राची पदविका. नोकरी लागल्यावर संध्याकाळच्या वर्गात हौसेने जपानी शिकलो. पुढे घरात मुलीमुळे कोरियन मालिका सुरू झाल्या आणि मी कोरियन भाषेकडे वळलो. हाताशी पुस्तकं होती ती जपानी विद्यार्थ्यांसाठी लिहिलेली. म्हणजे मी कोरियन शिकलो ते जपानी दारातून. त्यामुळे जपानी माणूस त्या घरात शिरताना कुठे ठेचकाळतो, ते मला जवळून पाहता आलं.

जपानी माणसाला कोरियन भाषा परकी असली तरी अनोळखी नाही. दोन्ही भाषांत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, प्रत्यय नामाच्या मागे लागतात, जसं आपल्या मराठीत. दोन्हींनी चिनी भाषेतून हजारो शब्द उचलले. ‘मनःस्थिती’ला जपानी म्हणतो ‘किबुन’, कोरियन म्हणतो ‘गिबुन’. ‘वचन’ जपानीत ‘याकुसोकु’, कोरियनमध्ये ‘याक्सोक’. आपल्याला गुजराती जितकी सोपी वाटते तितकीच ही भाषा त्यांना सुरुवातीला सोपी वाटते.

जपानच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेने, एनएचकेने, १९८४ मध्ये कोरियन भाषेचे पाठ सुरू केले. नाव काय द्यायचं यावर बराच खल झाला, कारण उत्तर आणि दक्षिण कोरिया आपल्या देशाला आणि भाषेला वेगवेगळ्या नावांनी संबोधतात. शेवटी भाषेचं नाव टाळून लिपीचं नाव दिलं, ‘हांगुल’चे पाठ. पुढे २००२ मध्ये कोरियात ‘विंटर सोनाटा’ ही मालिका आली. एनएचकेने ती २००३ मध्ये उपग्रह वाहिनीवर आणि २००४ मध्ये मुख्य वाहिनीवर दाखवली, आणि जपानमधल्या असंख्य गृहिणींनी कोरियन शिकायला सुरुवात केली. आज आपल्या मुली जे करतात, ते तिथल्या आया आणि आज्या वीस वर्षांपूर्वी करत होत्या.

तर भाषा जवळची, शिकणारे हौशी, पुस्तकं उत्तम. मग अडतं कुठे? अडतं ते उपरोधाशी. गंमत म्हणजे उपरोध या शब्दापाशीच पहिला खड्डा आहे. ‘उलट बोलणं’ अशा अर्थाचा दोन चिनी अक्षरांचा एक शब्द दोन्ही भाषांत आहे. कोरियात त्याचा उच्चार ‘बानओ’, आणि अर्थ सरळ उपरोध. जपानीत तीच अक्षरं ‘हांगो’ अशी वाचतात, पण शाळेतल्या व्याकरणात त्याचा मुख्य अर्थ वेगळा: ‘असं कोणी करेल का?’ असं विचारून ‘कोणीच करणार नाही’ हे सुचवणारा प्रश्न. उपरोधाला जपानी माणूस म्हणतो ‘हिनिकु’, म्हणजे शब्दशः ‘कातडी आणि मांस’. हा शब्द बोधिधर्माच्या कथेतून आला असं सांगतात. आपल्या दक्षिणेतून चीनला गेलेले हे भिक्षू. त्यांनी आपल्या शिष्यांना जोखताना, कोणाला माझी कातडी मिळाली, कोणाला मांस, कोणाला हाड आणि कोणाला मज्जा, असं म्हटलं. कातडी आणि मांस म्हणजे वरवरचं. त्यावरून टोचून बोलण्याला हे नाव पडलं. हीच अक्षरं कोरियन माणसाला दाखवली तर तो फक्त कातडी आणि मांस वाचेल. तो टोमणा मारण्याला ‘बिक्कोदा’ म्हणतो, म्हणजे पीळ देणं. आपण ‘तिरकस’ म्हणतो, तसंच काहीसं.

आता खरी उदाहरणं पाहू. कोरियात कोणी तासभर उशिरा आला, तर वाट पाहणारा म्हणतो, “पल्लिदो वान्ने.” ‘पल्लि’ म्हणजे लवकर, ‘वान्ने’ म्हणजे आलास की. मधला ‘दो’ म्हणजे साधारण आपला ‘सुद्धा’ किंवा ‘ही’. या वाक्याचा सगळा दंश त्या ‘दो’मध्ये आहे. ‘लवकर’ या शब्दाला तो चिकटला की कोरियन कानाला लगेच कळतं, हा माणूस वैतागलाय.

जपानी विद्यार्थी काय करतो? त्याने पहिल्याच महिन्यात पाठ केलेलं असतं की कोरियन ‘दो’ म्हणजे जपानी ‘मो’. तो एकास एक शब्द ठेवतो आणि त्याच्या हाती ‘हायाकुमो’ हा शब्द येतो. आणि हा शब्द जपानीत खरोखरच आहे! त्याचा अर्थ ‘एवढ्यातच, इतक्या लवकर’. बातमीत आपण ‘पहिल्याच दिवशी विक्रमी गर्दी’ म्हणतो, त्या सुराचा. म्हणजे भाषांतर बिनचूक झालं, वाक्य शुद्ध झालं, आणि अर्थ बरोबर उलटा झाला. तो बिचारा समजतो, मी वेळेआधी आल्याचं कौतुक चाललंय. भाषा जर अगदी परकी असती, तर तो दोन क्षण थांबला असता. इथे ओळखीचा शब्द दिसला म्हणून थांबलाच नाही.

याचा अर्थ जपानीत अशी सोय नाही असा नाही. तिथे हा ‘मो’ दुसऱ्या शब्दाला चिकटतो. ‘योकु’ म्हणजे चांगलं. ‘योकुमो’ म्हणून वाक्य सुरू केलं की अर्थ होतो, ‘असं बोलायची तुझी हिंमतच कशी झाली!’ उशिरा आलेल्याला टोमणा मारायला जपानी कचेरीत ठेवणीतला वाक्प्रचार आहे, ‘जूयाकु शुक्किन’. ‘संचालकसाहेब कामावर हजर झाले.’ आपल्या हैदराबादेत उशिरा येणाऱ्याला ‘आ गए नवाब साहब’ म्हणतात, तेच हे. आपल्या मराठीत ‘च’ आणि ‘की’ हे काम करतात. ‘लवकर आलास’ हे विधान झालं. ‘लवकरच आलास की!’ म्हटलं की समोरचा घड्याळाकडे बघतो. उलट बोलण्याची हत्यारं प्रत्येक घरात आहेत. पण ती वेगवेगळ्या फडताळांत ठेवलेली आहेत.

दुसरा प्रकार ठराविक शब्दांचा. ‘कोल जोता’ असा एक कोरियन प्रयोग आहे. ‘कोल’ म्हणजे अवतार, ‘जोता’ म्हणजे चांगला. ‘अवतार छान आहे’ असा शब्दार्थ, पण तो नेहमी ‘बरी खोड मोडली!’ याच अर्थाने वापरतात. याला जपानीत सख्खा भाऊ आहे, ‘इइ किमि दा’, म्हणजे शब्दशः ‘छान वाटलं’. त्यामुळे इथे जपानी विद्यार्थी सहज तरतो. पण ‘जाल मोक्को जाल सारारा’ ऐकलं की तो पुन्हा अडखळतो. शब्दशः अर्थ ‘चांगलं खा, चांगलं जग’. ऐकायला आजीचा आशीर्वाद. पण नातं तुटताना, भांडून दार आपटताना हेच म्हणतात. ‘जा बाबा, सुखी राहा एकदाचा!’ आता हा आशीर्वाद की शाप, हे कुठलाही शब्दकोश सांगू शकत नाही. ते दाराचा आवाज सांगतो.

‘जाल हान्दा’चंही तसंच. अर्थ ‘छान करतोस’. खेळाडूला ओरडून म्हटलं तर शाबासकी. पण ‘जा’ लांबवून ‘जाऽऽल हान्दा’ म्हटलं, आणि समोर सांडलेल्या दुधाचं पातेलं असलं, तर ते आपलं ‘छान दिवे लावलेस’ होतं. छापील पुस्तकात ती लांबण ऐकू येत नाही. म्हणून परीक्षेत पैकीच्या पैकी गुण मिळवलेला विद्यार्थीसुद्धा स्वयंपाकघरात नापास होतो.

तिसरा प्रकार मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, तो आदरार्थी बोलण्याचा. दोन्ही भाषांत मानाच्या पायऱ्या आहेत, आणि उपरोध करायला मान वाढवणं ही जुनी युक्ती आहे. दहा वाजता उठलेल्या मुलीला कोरियन आई म्हणते, “आमच्या राजकुमारी उठल्या का?” सगळं आदरार्थी. आपल्याकडे ‘महाराणी उठल्या वाटतं’ म्हणतात, अक्षरशः तेच. हे जपानी विद्यार्थ्याला कळतं, कारण घरात मुलीला कोणी एवढा मान देत नाही, हे त्याला माहीत आहे.

पण इथे उलटी चूकही होते. आजच्या जपानी घरात नवरा-बायको एकमेकांशी साधेपणाने बोलतात. बायको अचानक आदबीने बोलू लागली, तर जपानी नवरा घाबरतो. समजतो, आज काहीतरी बिनसलंय. कोरियात मात्र, विशेषतः जुन्या पिढीत, बायकोने नवऱ्याशी आदरार्थी बोलणं हे रोजचं. त्यात राग नाही, टोमणा नाही. जपानी विद्यार्थिनी मालिका पाहते आणि तिला वाटतं, हे दोघं भांडलेत! तसंच वडिलांचं. जपानी माणूस बाहेरच्यांसमोर स्वतःच्या वडिलांविषयी नम्रपणे, मान कमी करून बोलतो. कोरियन माणूस कोणासमोरही ‘आमचे वडील आले आहेत’ असंच आदराने म्हणतो. जपानी कानाला यात बढाई किंवा थट्टा ऐकू येऊ शकते. तर मंडळी, उपरोध न कळणं ही एक चूक, आणि नसलेला उपरोध ऐकू येणं ही दुसरी. पहिल्या चुकीत माणूस हास्यास्पद ठरतो. दुसरीत तो उगाच दुखावला जातो. माझ्या मते दुसरी जास्त वाईट.

आता बोलण्यातून थोडं साहित्याकडे येतो. ह्यॉन जिन-गॉन या लेखकाची १९२४ मधली एक कथा कोरियन शाळांत शिकवली जाते. नाव ‘उन्सु जोउन नाल’, म्हणजे ‘नशिबाचा दिवस’. नायक एक गरीब रिक्षा ओढणारा. बायको आजारी, ती त्याला आज जाऊ नका म्हणते. तो जातो. पावसाच्या त्या दिवशी त्याला कधी नव्हे ती भाडी मिळतात. बायकोने मागितलेलं हाडांचं सूप घेऊन तो रात्री घरी येतो, तर ती मेलेली असते. आता पुन्हा शीर्षक वाचा. कोरियन मुलांना उपरोध म्हणजे काय हे शिकवताना ही कथा दाखवतात. इथे कोणी कोणाला टोमणा मारलेला नाही. दैवच उलट बोललं आहे. ही कथा जपानी विद्यार्थ्याला शब्दकोश न उघडताही भिडते, कारण दुःख सगळीकडे एकाच भाषेत बोलतं.

पण दुसरी एक कथा आहे, तिथे जपानी वाचकाची खरी परीक्षा लागते. छे मान-सिक यांची १९३८ मधली ‘छिसुक’, म्हणजे ‘मूर्ख काका’. १९१० ते १९४५ कोरिया जपानच्या ताब्यात होता, तो हा काळ. कथा सांगणारा एक तरुण कोरियन पोरगा, जपानी मालकाच्या दुकानात काम करतो. मालकावर त्याची फार भक्ती. त्याला जपानी मुलीशी लग्न करायचंय, जपानी पद्धतीने राहायचंय. त्याच्या नात्यातल्या एका आत्याचे यजमान खूप शिकलेले, पण समाजवादी चळवळीत पडून तुरुंगात गेले, आता आजारी. त्यांना हा पोरगा कथाभर मूर्ख ठरवतो. लेखक स्वतः एक शब्द मध्ये बोलत नाही. पण वाचता वाचता कळतं की मूर्ख कोण आहे.

विचार करा, एखादा जपानी विद्यार्थी ही कथा शब्दशः वाचतो. त्याला काय मिळतं? आपल्या देशाची स्तुती. एक कोरियन तरुण जपानी राजवटीत खूश आहे! आणि उपरोध कळला तर काय मिळतं? आपल्या आजोबा-पणजोबांच्या राज्याने एका तरुणाच्या मनाचं काय करून टाकलं, ते. पहिलं वाचन सुखाचं आहे, दुसरं खरं आहे. उपरोध न कळण्यात कधीकधी सोय असते मंडळी, आणि म्हणून तो कळून घ्यायला नुसतं व्याकरण पुरत नाही, थोडं धैर्यही लागतं. माझ्या लेखी कोणाला कोरियन भाषा ‘आली’ हे ठरवायची हीच कसोटी. आणि ही कसोटी उत्तीर्ण होणारे जपानी वाचक आहेत, ही मोठी आशेची गोष्ट आहे.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं ठीक, पण यात आपलं काय? सांगतो. नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोक’ लिहिला. शब्द एक सांगतात आणि अर्थ दुसराच ध्वनित होतो, हे दाखवायला त्याने अगदी सुरुवातीला जी गाथा घेतली, ती संस्कृत नव्हे, आपल्या महाराष्ट्री प्राकृतातली आहे. सातवाहन राजा हालाच्या नावावर असलेल्या ‘गाथासप्तशती’त ती आहे. प्रसंग गोदावरीकाठचा. एक स्त्री रोज फुलं तोडायला येणाऱ्या धार्मिक गृहस्थाला म्हणते की महाराज, आता खुशाल हिंडा, तुम्हाला त्रास देणाऱ्या त्या कुत्र्याला इथल्या झाडीत राहणाऱ्या सिंहाने मारून टाकलंय. ऐकायला निमंत्रण. खरा अर्थ, इकडे फिरकू नका! ती तिची प्रियकराला भेटायची जागा आहे. ‘नको’ हा शब्द सगळ्या गाथेत नाही. ज्याला कुत्र्याची भीती वाटते, त्याला सिंहाच्या बातमीने काय वाटेल, एवढा हिशोब ऐकणाऱ्याने करायचा.

ज्या गोदावरीच्या काठी हे बोललं गेलं, ती आपल्या तेलंगणातूनच पुढे वाहते. दीड-दोन हजार वर्षं आपली माणसं असं तिरकस बोलत आली आहेत. आणि आज आपल्या घरात काय चित्र आहे? मुलं शाळेत इंग्रजी, गल्लीत तेलुगू आणि दख्खनी, घरी मराठी. ‘जेव’, ‘ये’, ‘अभ्यास कर’, हे सगळं त्यांना कळतं. पण आजी म्हणते, “काय उजेड पाडलास!” आणि नातू म्हणतो, “थँक्यू आजी.” आपण हसतो. आजीही हसते. पण दोन-चार वेळा असं झालं की आजी तसं बोलायचं सोडते. सरळ, सोपं, कोरडं बोलू लागते. नातवाला सगळं कळावं म्हणून ती आपली अर्धी भाषा मिटून ठेवते. भाषा घरातून जाते ती अशी. शब्द राहतात आणि त्यांतला पीळ जातो.

यावर उपाय काय? कोरियन शिकणाऱ्यांना जो उपयोगी पडतो तोच. वाक्य समोर आलं की तीन प्रश्न विचारायचे. आत्ता इथे काय घडलं? बोलणारा आणि ऐकणारा यांचं नातं काय? आणि वाक्यात नेहमीपेक्षा जास्त काय आहे: एखादा ‘दो’, एखादा ‘च’, लांबवलेला स्वर, की न मागता दिलेला मान? दूध सांडलंय, आई-मुलगा आहेत, आणि ‘छान’ जरा लांबलाय. तिन्ही धागे एकत्र आले की अर्थ उलगडतो. मालिका पाहतानासुद्धा खालची पट्टी झाकून हे तीन प्रश्न विचारले, तर कान लवकर तयार होतो.

आणि आजी-आजोबांना माझी हात जोडून विनंती आहे. कृपा करून मुलांसाठी भाषा सपाट करू नका. टोमणा मारा, पण प्रेमाने मारा. नातू ‘थँक्यू’ म्हणाला तर त्याला जवळ बसवा आणि सांगा की बाळा, मी काय म्हटलं ते ऐकलंस, आता का म्हटलं ते बघ. जपानी गृहिणी साठाव्या वर्षी कोरियन टोमणे शिकू शकते, तर आपल्या दहा वर्षांच्या नातवाला मराठी टोमणे नक्की जमतील. आणि ज्या दिवशी तो उलट तुम्हालाच म्हणेल, “आजी, आज लवकरच चहा दिलास की!” त्या दिवशी रागावू नका. देवापुढे साखर ठेवा. पोराला मराठी आली.

एवढं बोलून मी थांबतो.  

गणपती बाप्पा मोरया!